काकांनी घेतलेली पहिली सुई

मला शिकवलं ते माझ्या काकांनी. स्पिरिटचा वास आला की हिंगणीची ती सकाळ आठवते. शेजारच्या गावात कॉलरा आला होता, आणि सायकलींवर दूध नेणारे आमचे म्हातारे पाराशी थांबून सुईच्याच गोष्टी करत होते.

"मी त आभायाकडे पाह्यतो. तू काय करतं गा?" एकाने त्यांच्यातच उभ्या असलेल्या काकांना विचारलं.

"मी पळून जातो," काका म्हणाले. सगळे हसले, कारण मागच्या वेळी ते खरोखर तुरीत लपले होते. नर्सबाई आल्या, पण कोणी पुढे होईना. शेवटी काकांनीच बाही वर केली आणि डोळे मिटून सायकलची घंटी वाजवत राहिले. मग रांग लागली. पुढे मी त्यांना पत्र लिहिलं: "काका, बी.ए. झालो. पेपरला जाताना पळून जावंसं वाटलं, तेव्हा घंटी वाजवणारे तुम्हीच डोळ्यांसमोर होता."