नमो मारिया होईपर्यंत

ओडील कोमो आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतून वीसेक वर्षं लहान मुलांना बोलतं करत हिंडली. चर्चच्या हॉलमागची छोटी खोली तिला दिलेली होती. मी शेजारीच राहायचे, खोलीची किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून तिचं काम मी जवळून पाहिलं.

पाहण्यासारखं त्यात फारसं नसे. समोर पोर, मध्ये एखादा चेंडू नाहीतर डबा, आणि बराच वेळ शांतता. आमच्याकडे गप्प बसणं कुणाला जमत नाही. पोराने तोंड उघडायच्या आत आई, आजी, मावशी त्याच्या वतीने बोलून मोकळ्या होतात. ओडील त्यांना सांगे, "मनात नमो मारियाची एक अख्खी प्रार्थना म्हणा. ती संपेपर्यंत पोराला हवा असलेला पाव पुढे करायचा नाही की शब्द पुरवायचा नाही."

झेली चार वर्षांची होती. कान चांगले, समज चांगली, पण तोंडातून शब्द नाही. तिच्यासाठी ओडीलने बादलीचा खेळ लावला होता. ती लाकडी चमच्याने पत्र्याच्या बादलीवर दोनदा ठोके आणि हात वर धरून थांबे. तिसरा ठोका झेलीचा. आपला डाव आला की उत्तर द्यायचं, हे आधी अंगात मुरलं पाहिजे, शब्द मागून येतो, असं ओडीलचं म्हणणं. झेली उत्तर देई, पण फार उशिरा. कधी दोन-दोन नमो मारिया होऊन जात.

तिचे आजोबा आल्सीद ओहोटीला चिखलात शिंपले खणायचे. नातीला न्यायला आले की दारातूनच टोमणा मारत, "काय गं ओडील, पोर बोलायला पाठवली होती, बँडवाली करून परत देणार काय?"

"आल्सीदकाका, तुम्ही गप्प बसायला शिकलात की ती बोलायला शिकेल."

"मग बिचारीचं काही खरं नाही!"

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी झेलीची आई मासळीच्या कारखान्यात होती, म्हणून आल्सीद नातीला घेऊनच चिखलावर गेले. खेळातली बादली आणि चमचा तिने हातातून सोडले नव्हते. तेवढ्यात धुकं उतरलं. असं धुकं आलं की किनाऱ्यावर गाडी आणायची आणि भोंगा वाजवत ठेवायचा, ही आमची जुनी रीत. आवाजाच्या रोखाने खणणारे परत येतात. गावातल्या तेओफिलने आपला ट्रक बंधाऱ्यावर आणून भोंगा दाबून धरला. खणणाऱ्यांपैकी दोघेजण आले. आल्सीदकाकांचा मात्र नुसता आवाज येत होता, कुठून ते कळत नव्हतं. "झेली! झेली!" शिंपला काढायला ते वाकले होते. मान वर केली तर पोर नाही.

मी आणि ओडील धावत पोहोचलो. मला माझे पाय दिसत नव्हते. भरती इथे लाटांनी येत नाही. ओहळांमधून मागच्या बाजूने शिरते, आणि माणूस कोरड्यात उभा असतानाच त्याची वाट बंद होते. बंधाऱ्यावर जमलेले सगळे एकाच वेळी झेलीच्या नावाने ओरडत होते. वर तो भोंगा.

ओडील ट्रकच्या खिडकीशी गेली. "तेओफिल, भोंगा थांबव."

"डोकं फिरलं का तुझं? म्हातारा बाहेर आहे. भोंगा थांबला तर तो चालत समुद्रात जाईल."

"आणि तिने काही आवाज केला तर तुला ऐकू येणार आहे? दोनदा वाजव आणि थांब. बाकी सगळे गप्प!"

"किती थांबू?"

"एक नमो मारिया."

दोनदा भोंगा वाजला. मग पाणी ऐकू आलं. चिखलात भरत जाणारं, बारीक, चहूकडून. मी प्रार्थना म्हणत होते. शेवटच्या ओळीत मरणाची घटका येते, तिथे माझी जीभ अडली.

काही नाही. पुन्हा दोनदा. काही नाही.

"पाणी चढतंय, ओडील."

"तिला उशीर लागतो."

"पाणी थांबणार आहे का तिच्यासाठी?"

ओडीलने दोन बोटं वर केली. तिसऱ्यांदा दोन भोंगे झाले. माझी प्रार्थना संपली. तेओफिलचा हात भोंग्याकडे गेला, तसं ओडीलने खिडकीतून त्याचं मनगट पकडलं.

ठक.

डावीकडून, मोठ्या ओहळाच्या बाजूने. तिकडे कुणीच शोधत नव्हतं. आल्सीदकाकांच्या हाका बंद झाल्या. त्यांनीही ऐकलं होतं. तेओफिलने दोनदा वाजवलं. ठक. यावेळी लवकर. पुन्हा दोनदा, पुन्हा ठक.

मग पुढच्या खेपेला उत्तर आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ओडीलची नखं तेओफिलच्या मनगटात रुतली होती, आणि तो हात सोडवून घेत नव्हता.

धुक्यातून आधी खळबळाट आला, मग आल्सीदकाका. छातीपर्यंत भिजलेले, झेली मानेवर. तिला उचलताना बादली त्यांनीच पाण्यात फेकून दिली होती. एरवी तोंड न मिटणारा तो माणूस ट्रकच्या पायरीवर बसला आणि काही बोलला नाही. झेलीचे ओठ निळे पडले होते. चमचा तिच्या मुठीतच होता.

पुढच्या वसंतात तिचे पहिले शब्द आले. ओडीलने त्यानंतर आणखी कितीतरी मुलांबरोबर तोच खेळ खेळला, नव्या बादलीवर. दोन ठोके, मग हात वर. पण आता थांबताना तिची नजर समोरच्या पोरावरून सुटून खिडकीकडे जाई, आणि तिसरा ठोका पडेपर्यंत ती श्वास घेत नसे.