शेवटची सोळा पाने

महायुद्ध संपले त्या वर्षी, आखाजीनंतर पाचव्या दिवशी, आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल सुपडूनाना एका कादंबरीची शेवटची सोळा पाने घेऊन रावेरला गेले. सकाळच्या गाडीने जळगाव, तिथून भुसावळ, भुसावळला गाडी बदलून रावेर. दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले तेव्हा पाने त्यांच्याजवळ नव्हती. ती पाने वाचनालयाच्या खोलीबाहेर नेऊ नयेत असा नियम होता. नियम नानांनीच केलेला होता.

आमचे गाव एरंडोल तालुक्यात, तापी खोऱ्याच्या रेल्वेवर. वाचनालय म्हणजे पेठेतली एक खोली, तीन कपाटे आणि खिडकीखाली एक लांब बाक. मी व्यवस्थापक मंडळाचा चिटणीस होतो आणि जळगावच्या एका साप्ताहिकाला गावच्या बातम्या पाठवत असे. नाना ग्रंथपाल होण्याआधी धुळ्याच्या एका छापखान्यात पुस्तके बांधत. पन्नाशी उलटलेली, बुटके, उजव्या अंगठ्याला दाभणाचा घट्टा. पुस्तक परत करणाऱ्याला ते आवडले का, असे नाना कधी विचारत नसत. चष्म्यावरून पाहून म्हणत, "जेवाले कोनता पानवर उठनात, भाऊ?" वाचकाला पान आठवले तर पुस्तक साधारण. "जेवायचंच राहून गेलं नाना," असे उत्तर आले तर ते पुस्तक पुढच्या सुट्टीसाठी वरच्या फळीवर जाई.

वरच्या फळीवर बहुतेक गुप्तधनाच्या कादंबऱ्या होत्या. तांब्याचा पत्रा, अर्धा फाटलेला नकाशा, सातपुड्यातला पडका किल्ला, भुयार, फितूर झालेला सोबती. नावे बदलत, सामान तेच असे. शाळांना आणि कोर्टाला सुट्टी लागली की या फळीसाठी रांग लागे. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणत, निवृत्त हेडमास्तर होते. लोकांनी सुट्टीत थोरांची चरित्रे वाचावीत असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी दोनदा सभेत मांडले. नानांनी उत्तर दिले, "आबा, चरित्र वाचाले पाट मांडीसन बसनं पडस. हाई खाटवरलं पुस्तक शे."

आबांनी विचारले, खाटेवर पडून भुयारेच का वाचायची?

"उन्हाळामा मानूसले दोनच जागा गार वाटतस. विहीर आनि भुयार."

खजिन्याबद्दल मात्र नानांना आस्था नव्हती. त्यांचे निरीक्षण असे की सापडलेल्या खजिन्याचे पुढे कोणीच काही करत नाही, कारण तिथे पुस्तक संपते. वाचकाला पैका नको असतो, वाट हवी असते, असे ते म्हणत.

नियमाचे कारण आखाजी. अक्षय तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. या सणाला सासरी दिलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि आठ-पंधरा दिवस गल्ल्या भरलेल्या असतात. लेकी परत निघाल्या की गाठोड्यात पापड, कुरडया आणि सांजोऱ्या जात. त्यांच्याबरोबर आमच्या कादंबऱ्याही जात. भाऊ आपल्या नावावर पुस्तक नेई, बहीण ते वाचे, अर्धे राहिले की घेऊन जाई. चोपडा, यावल, शहादा, जिथे लेक दिली तिथे पुस्तक. चरित्रे कोणी नेत नसे. युद्धामुळे कागद मिळेनासा झाला आणि गेलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत येणे बंद झाले.

तेव्हा नानांनी बांधणीवाल्याचा उपाय काढला. युद्धाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, सुट्टी लागण्यापूर्वी, त्यांनी वरच्या फळीवरच्या प्रत्येक कादंबरीची शिवण उसवली आणि शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पाने, काढून घेतली. ती तपकिरी पाकिटात घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली. वाचकाने पुस्तक जमा करायचे, मग पाकीट घ्यायचे, बाकावर बसून शेवट वाचायचा आणि पाकीट तिथेच द्यायचे. त्या उन्हाळ्यात एकही कादंबरी गहाळ झाली नाही. मंडळाने नानांच्या अभिनंदनाचा ठराव केला. ठराव मी लिहिला.

चार वर्षे असे चालले. मेमध्ये बाकावर सकाळपासून माणसे असत. शेवट वाचणाऱ्याशी कोणी बोलायचे नाही अशी रीत आपोआप पडली. एकदा तालुक्याचे एक अंमलदार आले, त्यांनाही कोणी उठून जागा दिली नाही. "सायेब, त्यास्नी भुयारमातून बाहेर येवू द्या," नाना म्हणाले. साहेब उभे राहिले.

बाकावर बायका बसत नसत. त्यांना मनाई नव्हती. त्या येतच नसत, आणि हे चार वर्षांत आमच्यापैकी कोणी बोलून दाखवले नाही.

सोनाअक्का स्टेशनवरचे पार्सल कारकून हिरामणभाऊ यांची बहीण. वय तिशीचे, शिक्षण मराठी चौथीपर्यंत, सासर रावेरला, केळीच्या बागाईतदार घरात. माहेरी येणे वर्षातून एकदा, आखाजीला. सकाळी कुरडया घालून झाल्या की दुपारी त्या भावाच्या ओट्यावर बसून कादंबरी मोठ्याने वाचत. ऐकायला गल्लीतल्या दहा-बारा बायका असत. त्या वर्षीच्या कादंबरीत दोन भाऊ किल्ल्यात खजिना शोधत होते. वाट दाखवायला पाड्यावरची एक विधवा त्यांच्याबरोबर होती. फितुराने तिला तळघरात कोंडले आणि दार लावून घेतले. भाऊ पुढे गेले. तिथे पुस्तकाचा घरी न्यायला मिळणारा भाग संपला.

रीतीप्रमाणे हिरामणभाऊंनी पुस्तक जमा केले, बाकावर बसून शेवट वाचला आणि घरी जाऊन सांगितला. सगळ्या घरांत शेवट असाच पोचत असे.

"खजिना सापडला. दोघं भाऊ घरी आले. फितूर दरीत पडला," ते म्हणाले.

"अन तळघरमातली बाई?"

"कोनती बाई?"

बायका हसल्या. सोनाअक्का हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपल्या काकूंना बरोबर घेऊन वाचनालयाच्या पायरीवर आल्या. मी आत टपाल पाहत होतो. बाकावर सहा जण होते.

"अक्का, भाऊले धाडी द्या," नाना म्हणाले.

"भाऊ काल यी गया, नाना. त्याले ती बाईच दिसनी नई."

"मग बसा. पाकीट देस."

नानांनी पाकीट काढले. बाकावरच्या सहांपैकी दोघे थोडे सरकले, कोणी उठले नाही. सोनाअक्का पायरीवरच उभ्या राहिल्या. "माले एकलीले नई वाचनं. ओटावर दहा जनी बठेल शेतस. घडीभर घरी लई जाऊ द्या, दुपारले आनी देसू."

"नियम बठ्ठासले एकच शे, अक्का."

"नियम एक शे नाना, पन बाक तुमनं शे," असे म्हणून त्या गेल्या. काकू जाता जाता बाकाकडे पाहून म्हणाल्या, "सरकनात मात्र छान." त्याच दुपारी सोनाअक्कांचा दीर न्यायला आला आणि त्या रावेरला गेल्या.

नानांनी पाकीट पेटीत ठेवले नाही. पाने काढून ते वाचू लागले. मग त्यांनी बाकावरच्या माणसांना एकेक करून विचारले, तळघरातल्या बाईचे काय झाले? ही कादंबरी गेल्या चार उन्हाळ्यांत त्यांच्यापैकी पाच जणांनी वाचलेली होती. एक म्हणाला, ती मेली असावी. एक म्हणाला, भावांनी सोडवली असेल. बाकीच्यांना बाईच आठवत नव्हती. नानांनी मला विचारले. मी शेवट दोनदा वाचला होता. मलाही सांगता आले नाही.

पुढचे दोन दिवस पुस्तक परत करणाऱ्यांना नाना जेवणाचे पान विचारत नव्हते. ते बाईबद्दल विचारत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्या हाती रजेचा कागद दिला. त्यावर एवढेच होते: दोन दिवस रजा, कारण रावेर.

रावेरला काय झाले ते नानांनी सांगितले नाही. पुढच्या आखाजीला सोनाअक्कांनी भावाच्या ओट्यावर सांगितले. नाना संध्याकाळी पोचले आणि अंगणात उभे राहिले. माहेरचा माणूस, तोही न कळवता आलेला आणि हातात पाकीट, हे पाहून सोनाअक्कांच्या सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "कोण गेलं?" त्यांनी विचारले.

"कोनी गयं नई, माय," नाना म्हणाले. "एक बाई जित्ती सापडनी."

सोनाअक्कांनी अंगणातच सोळा पाने मोठ्याने वाचली. बाईबद्दल त्यात दोन वाक्ये होती, चौदाव्या पानावर. तळघरात पाण्याची मोरी होती. तिचे दगड हातांनी काढून ती बाहेर पडली आणि भाऊ खजिन्यापर्यंत पोचण्याच्या आधी आपल्या पाड्यावर पोचली. सोनाअक्कांनी ती वाक्ये दोनदा वाचली. सासूबाई खांबाला टेकून ऐकत होत्या. वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, "पण हिला कोंडलं कोणी? आधीचं कुठंय?"

नाना म्हणाले, आधीचं वाचनालयात आहे. सासूबाईंनी त्यांना जेवायला वाढले. जेवताना त्या फितुराबद्दल विचारत राहिल्या. निघताना नानांनी पाने मागितली नाहीत. सोनाअक्कांनी सांगितले की मागितली असती तर त्यांनी दिली असती.

मंडळाची सभा पुढच्या रविवारी झाली. विषय एकच होता, ग्रंथपालांनी नियम मोडणे. आबांनी नानांना पदावरून दूर करावे अशी सूचना मांडली. "नियम तुमचा, मोडलात तुम्ही," ते म्हणाले. "आता दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?"

"नियम पुस्तक परत येवासाठे व्हता, आबा. पुस्तकं बठ्ठी परत उनीत. बाई कोनलेच दिसनी नई."

"कादंबरीतली बाई ती, नाना!"

"ओटावरल्या कादंबरीमातल्या नईत."

आबांनी विचारले, पाने बाहेर गेली तर पुस्तके पुन्हा गहाळ होतील, त्याची जबाबदारी कोणाची? नाना म्हणाले, "मनी जबाबदारी." मत घेतले गेले. पाचांपैकी दोघे नानांना काढावे या बाजूचे होते, तिघे विरुद्ध. तिघांत मी होतो आणि तिसरा, शेवटी वर झालेला हात आबांचा होता. नियम रद्द झाल्याची नोंद त्याच सभेत झाली.

नानांनी पावसाळ्यात सगळे फर्मे पुन्हा शिवले. खळ ते घरून करून आणत. पुढच्या आखाजीला कादंबऱ्या पूर्ण बांधणीत बाहेर गेल्या, आणि त्या वर्षी पहिल्यांदा नोंदवहीतल्या नेणाऱ्यांच्या रकान्यात बायकांची नावे आहेत. काही सह्या आहेत, काही नावे नानांच्या अक्षरात आहेत. बाकावर बायका बसल्या नाहीत. सहा कादंबऱ्या परत आल्या नाहीत. आबांनी त्याबद्दल विचारले तेव्हा नाना म्हणाले, "वाट पाहू. त्या परत येतीस, आखाजी दर सालले येस."

स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, नाना विषमज्वराने वारले. त्यांच्या पत्नीने किल्ल्या आणून दिल्या. कपाटांची तपासणी मी केली. सहांपैकी दोन कादंबऱ्या परत आलेल्या होत्या. रावेरला शेवट गेलेल्या कादंबरीचा उरलेला भाग फळीवर नव्हता. नोंदवहीत तो रजिस्टर टपालाने रावेरला पाठवल्याची नोंद आहे, तारीख सभेनंतरच्या सोमवारची. खाली पोचपावती चिकटवली आहे. पावतीवर सोनाअक्कांच्या सासूबाईंचा अंगठा आहे.