एलिनेद मावशीचा खालचा सूर

एलिनेद मावशी दुधाचा टँकर चालवते. पहाटे साडेचारला निघते आणि डोंगरातल्या चौदा गोठ्यांवरचं दूध गोळा करून आणते. बावीस वर्षांत तिने मोठी सुट्टी एकदाच घेतली, मागच्या मार्चमध्ये, गळ्यातली गाठ काढायला. गाठ गेली, तिच्याबरोबर वरचा आवाजही गेला. आता फोनवर लोक तिला "सर" म्हणतात.

मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळ्यांनी मला झाडलं. मावशीने फक्त विचारलं, "मग उद्या काय करणार?" आणि दुसऱ्या दिवशी मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीत नेऊन सोडलं. म्हणून तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की मी सरळ भांडते.

आमच्या चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची संध्याकाळ असते. प्लगाइन म्हणतो आम्ही तिला. पाद्री प्रार्थना करतात, "प्लगाइन खुली आहे" म्हणतात आणि खाली बसतात. मग कोणी कोणाचं नाव पुकारत नाही. एकेका शेतावरची माणसं आपणहून उठतात, पुढे जाऊन बाजाशिवाय गातात, परत येऊन बसतात. टाळ्या नाहीत. एकदा झालेलं गाणं त्या संध्याकाळी पुन्हा गायचं नाही. सगळ्यांचं झालं की त्याच क्रमाने दुसरी फेरी.

आमच्या ब्रिनगोख शेतावरचे आम्ही तिघं, मावशी, तिचा नवरा गेथिन काका आणि मी. वरच्या आवाजातली चाल मावशीची, तिच्या आईकडून आलेली. नोव्हेंबरभर ती येत नाही म्हणत होती. मग एकदा मला म्हणाली, "येते. पण यंदा नाही जमलं ना, मेदी, तर मी परत कधी उठणार नाही. मी ओळखते मला."

आमची पाळी आली. काकांनी सूर घ्यायचा नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि सवयीने जुनाच सूर दिला. दुसऱ्या ओळीत चाल वर चढते. तिथे मावशीचा आवाज फाटला. तिने तोंड मिटलं. मी मधला सूर गातेय, काका खालचा गातायत, आणि चाल कोणाकडेच नाही. तीन ओळींनी आम्ही गप्प झालो. परत येऊन बसलो.

"घरी चला," मावशी पुटपुटली.

"गाडीची किल्ली माझ्याकडे आहे," काका म्हणाले आणि खिशावर हात ठेवला.

"तोच सूर कशाला दिलास, गेथिन?"

"तीस वर्षं तोच देतोय. हात ऐकत नाही."

मी मध्ये घुसले. "मावशी, घाट उतरताना टँकरमध्ये खाली खाली गुणगुणतेस, ते काय असतं?"

"ते गाणं नाही गं, गुरगुरणं आहे."

"मग तेच कर. काकांचा खालचा सूर तू घे. काका मधला घेतील. चाल माझी."

"तुला येते?"

"तीन हिवाळे तुझ्या शेजारी बसलेय. बहिरी आहे का मी?"

"पण ते गाणं झालं आता. पुन्हा चालणार नाही."

मागच्या बाकावर तेगविन आजोबा होते. नव्वदीला टेकलेत, प्लगाइनचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ. मी मान वळवून विचारलं, "आजोबा, अर्धवट राहिलेलं गाणं झालं धरायचं का?"

पुढे कोणी गात होतं. म्हाताऱ्याने ते आधी संपू दिलं. मग म्हणाला, "अर्धी कातरलेली मेंढी कातरली म्हणून सोडतेस का तू?"

दुसऱ्या फेरीत काकांनी नादकाटा मावशीच्या हातात दिला. तिने सूर लावला तो कितीतरी खाली. मी चाल धरली. मग खालून मावशी आली, आणि मला एकदम पायाखाली जमीन असल्यासारखं वाटलं. सातही कडवी झाली. चौथ्यात मी शब्द विसरले तर तिने मला ओढून पुढे नेलं. काका डोळे मिटून गात होते.

शेवटचं गाणं सगळ्या पुरुषांनी मिळून म्हणायचं असतं. ते उठून पुढे निघाले. तेगविन आजोबा काठी टेकत आमच्या बाकाशी थांबले.

"एलिनेद, खालच्या सुराला यंदा मी आणि गेथिन दोघंच उरलोय. ऊठ."

"आजोबा, मी बाई आहे."

"डोळे शाबूत आहेत माझे. कानांनी बोलावलंय तुला."

मावशीने काकांकडे बघितलं. काका तिला वाट करून देत बाजूला सरकले. तिने कोट काढून माझ्या मांडीवर टाकला.

"पुढच्या वर्षीपासून आधी सांगत जा," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "जरा घोटून आले असते."