सहा जिन्यांखालचं पाणी

वैदेहीनं समुद्र कधी पाहिलेला नाही. बालाघाटच्या घरात बसून ती सहा वर्षं जहाजांनी कळवलेलं समुद्राच्या पाण्याचं तापमान तपासते आहे. दर सहा तासांनी नोंद येते. पटली तर नोंदीपुढे एकचा आकडा टाकायचा, चुकीची असली तर चारचा. नवरा देवेंद्र भरवेलीच्या खाणीत कामाला. धाकटा दीर कुशल मालवाहू जहाजावर अधिकारी. हे काम त्यानंच तिला मिळवून दिलं होतं.

जुलैतल्या त्या दुपारी तिच्यापुढे कुशलच्याच जहाजाची यादी होती. दोन दिवसांच्या आठही नोंदी २८.६. जहाज तर सोमालियाच्या किनाऱ्याजवळून चाललं होतं. पावसाळ्यात तिथं खालचं थंड पाणी वर येतं. मागून येणाऱ्या जहाजानं २२.८ कळवलं होतं. इंजिनखोलीत आत घेतलेल्या समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजायचं काम कुशलकडे होतं आणि यादी चार वाजता पुढे जायची होती.

तिनं फोन लावला.

“भाऊजी, इंजिनखोलीत उतरला होतात का?”

“सहा जिने आहेत वहिनी. खाली भट्टी आहे नुसती,” तो हसला. “पानीच तर आहे. कितना फरक पडेगा?”

“सहा अंशांचा पडला.”

तो म्हणाला, “चार टाकू नका. कंपनीत माझं नाव जाईल. बढतीचा कागद कॅप्टनच्या टेबलावर आहे.”

“मोजलं नाही तर जागा रिकामी सोडायची. रिकामी चालते.”

फोन ठेवला तेव्हा बरबटीच्या शेंगा मोडणाऱ्या सासूबाईंचे, गोदाबाईंचे, हात थांबले होते.

“काहून वं, त्यानंच तुले काम लावून देल्लं ना?”

“हो.”

“मंग? तुह्या आकड्यानं समुद्र थंडा होते का?”

“दुसऱ्यांच्या पोरांना रोज चार टाकते मी, आई.”

“तं त्याहीलेच टाक ना. कोण नाही म्हन्ते?”

चारला दहा मिनिटं होती. वैदेहीनं आठही नोंदींपुढे चार टाकले. शेऱ्यात लिहिलं : नोंदी मोजलेल्या वाटत नाहीत. खाली आणखी एक ओळ लिहिली : नोंदणारा माझा दीर आहे. यादी पाठवली.

गोदाबाई ताट उचलून आत गेल्या. देवेंद्रला फोन लावल्याचा आवाज आला.

साडेपाचला कुशलच्या जहाजाची पुढची नोंद आली. २३.१. वैदेहीनं लगेच एक टाकला नाही. ताडून पाहायला मागून येणाऱ्या जहाजाची यादी उघडली.