डिस्कमागचा गंज

माझ्या जीपचा ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं. गोरेगावातला आमचा मेकॅनिक घरी आला. माणसांशी तो कमी बोले, नटांशी मात्र सतत पुटपुटे. त्याने पुढचं चाक काढलं, नट लावून ब्रेकची डिस्क घट्ट केली, तिला डगमग मोजणारा डायल गेज टेकवला आणि ती हाताने हळूहळू फिरवली. गेजचा काटा डोलत होता.

"डिस्क वाकडी झाली का?" मी विचारलं.

त्याने ती उतरवली. मागे, ती ज्यावर बसते त्या हबवर, गंजाचा थर होता.

"डिस्क चांगली आहे जी. मागच्या महिन्यात मीच बसवलो, गंज न घासता, म्हणून तिरपी बसली. चूक माही आहे."

तो बोलला नसता तर मला कळलंही नसतं. गंज घासून, डिस्क परत बसवून त्याने पुन्हा मोजलं. काटा जेमतेम हलला. मी चहा आणेपर्यंत चाक लावून तो सायकलवर बसला होता.

"कुठे निघालास?"

"आणखी दोन गाड्यांच्या डिस्क अशाच बसवलो होतो जी. त्यायले सांगून येतो."