उकळलेल्या पाण्याचा बर्फ

सुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर पाणी उकळत ठेवलं होतं. गुरुग्रामच्या या उंच इमारतीत तुमच्या बाबांनी चांगला महागाचा फिल्टर बसवलाय, तरी मी पाणी उकळते आणि त्यावरून घरात माझी चेष्टा होते. फोन मयूर विहारहून होता, सुधाताईंच्या शेजारच्या खन्ना भाभींचा. "दीदी आज सुबह उठी ही नहीं," एवढंच त्या म्हणाल्या... गॅस बंद करायचं सुचलं तेव्हा पातेल्यातलं पाणी निम्मं आटलं होतं.

निहार, तन्वी, तुम्ही नातवंडं दूर, त्यामुळे त्यांचं शेवटचं दर्शन तुम्हाला फोनच्या पडद्यावर घ्यावं लागलं. त्या संध्याकाळी तन्वीने मला विचारलं होतं, "आजी, आत्याआजी नक्की काय काम करायची गं?" मी म्हटलं, डॉक्टर होती. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं, आणि अपुरं उत्तर दिलं की मला चैन पडत नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी सुधाताईंवर लिहा असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं ते म्हणूनच. वाचणारे वाचतील, मी लिहिते आहे ती तुम्हाला समोर बसवून.

सुधाताई तुमच्या आजोबांची थोरली बहीण. मी लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा माझ्या आईने पढवल्याप्रमाणे त्यांना "वन्सं" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "वन्सं म्हणू नकोस बाई, कुणीतरी शिक्षा ठोठावल्यासारखं वाटतं." त्यांनी लग्न केलं नाही. दवाखाना कधी काढला नाही. साथीचे रोग का येतात, कसे पसरतात आणि कसे थांबवायचे हे पाहणाऱ्या सरकारी खात्यात त्या आयुष्यभर होत्या. लग्नाकार्यात नातेवाईक त्यांच्यापुढे जीभ बाहेर काढून उभे राहत आणि त्या हात जोडून म्हणत, "एक आजारी माणूस दाखवून मला काही कळत नाही हो. पन्नास दाखवा, मग सांगते." लोक हसत, त्यांना वाटे ही विनोद करते आहे. त्या अगदी खरं बोलत असत. खऱ्याच्या बाबतीत त्या इतक्या कडक होत्या, की पाहुण्यांना "आम्ही आत्ताच जेवलो" असं वरवरचं सांगणंही त्यांना जमत नसे. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असायचं: आजार कुणाकडून आला ते विचारू नका, कशातून आला ते विचारा.

या वाक्याची किंमत त्यांना एकदा आमच्याच घरात मोजावी लागली. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

नव्वदीच्या दशकातली पहिली वर्षं होती. यमुनेपलीकडे मयूर विहारमध्ये आमची सोसायटी नुकतीच उभी राहिली होती. करोल बागेतल्या भाड्याच्या खोल्या सोडून आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. बहुतेक घरं मराठी सरकारी नोकरांची, मधूनमधून पंजाबी, बंगाली. छतांवर डिश अँटेना उगवत होते, टाय लावलेले विक्रेते दारोदार फिरून पाण्याचे फिल्टर खपवत होते, आणि ज्याच्या स्वयंपाकघरात फिल्टर तो सुशिक्षित असं आमचं साधं गणित होतं. आमच्या घरात तुमचे आजोबा, मी, तुमचे शाळकरी बाबा, सुधाताई आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आईच म्हणत असू. आईंचा सोसायटीभर धाक होता. हरतालिका आमच्या इमारतीत निर्जळी होई ती केवळ त्यांच्यामुळे. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, पण मीही त्या दिवशी पाण्याचा थेंब घेत नसे. देवाच्या भीतीने म्हणा की आईंच्या.

हरतालिकेलाच खाली गणपतीचा मांडव पडायचा. त्या वर्षी भाद्रपदात जीवघेणा उकाडा होता. पुरुष आणि मुलं बांबू बांधत होती, आम्ही उपाशी बायका पताका चिकटवत होतो. काम करणाऱ्यांसाठी लिंबाचं सरबत केलं होतं, आणि आईंच्या शिस्तीप्रमाणे त्याचं पाणी दोन मोठ्या पातेल्यांत उकळलेलं. आता मला नवल वाटतं ते याचंच, की एवढं सगळं नीट करून... दुपार झाली तरी पाणी कोमटच राहिलं, तेव्हा आमचे सेक्रेटरी दामले यांनी बाजारातून बर्फाची लादी मागवली. ती गोणपाटात गुंडाळून हातगाडीवर आली, भुसा झटकला, हातोडीने फोडली आणि पातेल्यांत टाकली. ते तुकडे पाण्यात पडताना मी पाहिले. आम्ही सगळ्यांनी पाहिले. कुणाच्याही मनात काही आलं नाही.

तिथेच मीनल होती. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने आलेली पुण्याची मुलगी. नवरा गुडगावला एका नव्या परदेशी कंपनीत लागलेला. तिला दिवस गेले होते, म्हणून आईंनीच तिला उपासातून सूट दिली होती. पोटावर हात ठेवून ती सगळ्यांना पताका कापून देत होती आणि आईंना "काकू, तुम्ही हेडमास्तर व्हायला हव्या होत्या" असं सगळ्यांसमोर म्हणायची छाती फक्त तिचीच होती. आई तिला रागावत, आणि तिच्यासाठी न चुकता डिंकाचे लाडू वळत.

नवरात्रात पहिल्यांदा कुणाचे तरी डोळे पिवळे झाले. मग एकेका मजल्यावरून बातम्या येऊ लागल्या. कावीळ. उसाचा रस, मंतरलेल्या माळा, सगळं सुरू झालं. आईंनाही झाली. बाकीचे हळूहळू सावरत होते, मीनल मात्र सावरली नाही. गरोदर बाईला ही पाण्यातून येणारी कावीळ किती वाईट, ते सुधाताई जाणून होत्या. त्या स्वतः तिच्याबरोबर हॉस्पिटलात बसून होत्या. कोजागिरीच्या आधी ती गेली. मूलही गेलं. तिचा नवरा घराला तसंच कुलूप लावून पुण्याला निघून गेला, आणि बाल्कनीत तिची साडी वाळत घातलेली तशीच राहिली...

त्यानंतर सोसायटीला भीतीने घेरलं. दामल्यांनी फाटकावर पाटी लावली: पुश्त्याकडच्या, म्हणजे यमुनेच्या बांधालगतच्या झोपड्यांतून येणाऱ्या कामवाल्या बायकांना प्रवेश बंद. आमच्याकडे येणारी शांती फाटकाबाहेर उभी राहून मला म्हणाली, "भाभी, हमारे यहाँ तो किसी को पीलिया है ही नहीं." मी खाली मान घातली. सुधाताई थेट दामल्यांकडे गेल्या.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे त्या बायकांनी आणलं म्हणून?"

"ताई, ऑब्व्हियस आहे. त्यांची वस्ती बघितलीत का कधी?"

"तुम्ही बघितलीत?"

"मी कशाला बघू?"

"मग मला चार दिवस द्या. मी बघते."

त्या घरोघर फिरल्या. ही कावीळ पोटात शिरल्यापासून डोळ्यांत दिसेपर्यंत चार-सहा आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे कालपरवाचं विचारून उपयोग नव्हता. आणि महिन्यापूर्वी काय खाल्लं ते कुणाला आठवतं? पण सुधाताईंना माणसं ठाऊक होती. त्या तारीख विचारतच नसत. "गौरी जेवल्या त्या दिवशी काय काय होतं? आणि हरतालिकेला?" असं विचारलं की बायका धडाधड सांगत. वस्तीतही त्या गेल्या. शांती खरं बोलली होती. चार दिवसांनी जेवणाच्या टेबलावर त्या मला म्हणाल्या, "आजारी कोण आहेत बघ. पुरुष, मुलं, मीनल, आणि उपास नसलेल्या खन्ना भाभी. उपास केलेल्या बायकांपैकी कुणी नाही. टाकीचं पाणी त्या रोज पितात, कामवाल्यांच्या हातचं रोज खातात, तरी त्या बऱ्या आहेत. म्हणजे त्या एका दिवशी असं काहीतरी होतं, जे त्यांनी घेतलं नाही."

"सरबत," मी म्हटलं. "पण पाणी उकळलेलं होतं. मी स्वतः..." आणि बोलता बोलता मला हातोडीचा आवाज आठवला.

"फक्त एक माणूस यात बसत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "आई." एका अपवादाने त्यांचा निष्कर्ष ढासळणार नव्हता, पण सोसायटीच्या सभेत हे मांडलं की दामले नेमकं तेवढंच धरणार हे आम्हाला दोघींनाही दिसत होतं. आणि लोकांना तो पटला नसता तर शांती आणि तिच्यासारख्या सगळ्या फाटकाबाहेरच राहिल्या असत्या. घरोघर विचारताना त्यांनी आईंनाही विचारलं होतं. आईंनी भिंतीकडे तोंड फिरवून सांगितलं होतं, "काही नाही. निर्जळी होती माझी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईंसाठी पेज घेऊन गेले तेव्हा सुधाताई त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. आईंनी दोन दिवसांपासून अन्न जवळजवळ सोडलं होतं. "खात का नाहीस?" असं सुधाताईंनी विचारलं, आणि त्या करारी बाईच्या पिवळ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "माझं व्रत मोडलं गं," त्या म्हणाल्या. "मी मीनलला सरबत दिलं. म्हटलं, दोन जिवांची आहेस, घे. तर म्हणाली, काकू, तुम्ही सगळ्या कोरड्या तोंडाने बसणार आणि मी एकटी पिणार होय? तुम्ही घ्याल तर मी घेईन. मग मी दोन घोट घेतले... आणि देवीने त्याची शिक्षा त्या पोरीला दिली."

सुधाताईंनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी एवढंच विचारलं, "बर्फ होता का त्यात?"

"होता."

"मग आई, ऐक. देवीने काही केलेलं नाही. व्रताचा काही संबंध नाही. ते त्या बर्फातून आलं."

आईंचा चेहरा सैल झाला. मला वाटलं, सुटल्या. पण त्या बुद्धीने तल्लख होत्या. पुढचं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "ग्लास तर मीच दिला तिला..."

मी पेजेची वाटी धरून दारातच थबकले. सुधाताईंनी दुसऱ्यांच्या आईवडिलांना, दुसऱ्यांच्या मुलांना कितीदा तरी अशी उत्तरं ऐकवली असतील. या वेळी त्यांनी आधी आईंच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "आई, ती लादी आली तेव्हा मी फाटकाशीच होते. मी पाहिली ती. तू घरातली बाई, तुला काय माहीत असणार? मी या कामाचा पगार घेते, आणि मी एका शब्दाने बोलले नाही. दोष मोजायचाच असेल तर आधी माझा मोज."

आई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्या हातातल्या वाटीकडे बोट दाखवलं.

मुलांनो, त्या दिवशी सुधाताई फाटकाशी नव्हत्या. पहाटेच सरकारी जीप त्यांना दौऱ्यावर घेऊन गेली होती. त्यांचा डबा मी भरून दिला होता, आणि बर्फ आला तो दुपारनंतर. मला हे माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. आम्ही त्यावर कधी एक शब्दही बोललो नाही.

सभेत दामल्यांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, "आणि तुमच्या मातोश्री? त्यांचा तर सगळ्यांत कडक उपास!" सुधाताई म्हणाल्या, "त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते मी इथे सांगणार नाही." लोक कुजबुजू लागले. एवढ्यात माझा हात धरून आई खाली आल्या. खुर्ची नको म्हणाल्या. "मी प्यायले होते," सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या. "दोन घोट. आता ती पाटी काढा." खन्ना भाभींना बहुतेक सगळं मराठी कळत नसावं, पण त्याच आधी उठल्या आणि त्यांनी आईंना धरून बसवलं. लादी दामल्यांनीच मागवली होती. ते उठले आणि स्वतः जाऊन त्यांनी पाटी उतरवली. दुसऱ्या सकाळी शांती कामावर आली.

पुढच्या वर्षी हरतालिकेला सुधाताईंनी एक पद्धत घालून दिली, ती आजही चालू आहे. मांडवाच्या सरबताला बाजारचा बर्फ नाही. प्रत्येक घराने उकळून गार केलेल्या पाण्याचा एक ट्रे आपल्या फ्रीजमध्ये लावायचा आणि खाली घेऊन यायचा. पहिला ट्रे दामल्यांचा आला. आई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. सरबताला त्यांनी पुन्हा तोंड लावलं नाही, पण मांडवात बसून सगळ्यांना वाढत असत. त्यांच्या अखेरच्या आजारपणात एकदा पाय चेपताना त्या मला अचानक म्हणाल्या, "सुधा त्या दिवशी पहाटेच गेली होती. ठाऊक आहे मला." मी दचकले. त्या म्हणाल्या, "तिला खोटं बोलायला किती कष्ट पडतात, मी आई आहे तिची... एवढे कष्ट घेऊन दिलंन्, म्हणून मी घेतलं. तिला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. आता सांगायला कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

तेराव्यानंतर मी मयूर विहारचा फ्लॅट आवरायला गेले. पुस्तकं, कपडे, सगळं नीट लावलेलं होतं. आवरायला फारसं नव्हतंच. शेवटी फ्रीज बंद करायचा म्हणून वरचं दार उघडलं. आत त्यांचा तो जुना ॲल्युमिनियमचा ट्रे होता, काठोकाठ भरलेला, बर्फ सुटा करायचा वरचा दांडा किंचित वाकडा. ओट्यावर पाणी उकळायचं पातेलं पालथं घातलेलं. हरतालिका अजून लांब होती, पण ट्रे त्या बाराही महिने भरून ठेवत. खन्ना भाभी दारात उभ्या होत्या. मी दोघींसाठी लिंबू पिळलं, ट्रेचा दांडा ओढला, आणि सुधाताईंनी लावलेला बर्फ दोन ग्लासांत टाकला. तिथेच ओट्याशी उभ्या राहून आम्ही प्यायलो. मग मी पातेल्यात पाणी घेतलं, उकळलं, गार होईपर्यंत त्यांच्या खुर्चीत बसून राहिले, आणि ट्रे पुन्हा भरून ठेवला.

फ्रीज अजून चालू आहे.