कानबाईपुढे मी घुमले

धाकट्या जावेच्या अंगात देवी येते. त्याचा मला राग नव्हता. जळफळाट व्हायचा तो तिचं ऐकलं जातं याचा. एरवी घरात तिलाही कोणी विचारत नाही. पण केस सोडून ती घुमू लागली की सासरे टोपी काढून समोर बसतात, गल्लीतल्या बाया तापानं फणफणलेली लेकरं तिच्या पायाशी आणून ठेवतात, आणि मला ऊठसूट धारेवर धरणाऱ्या सासूबाई तिच्यापुढे हात जोडतात. मोठी सून मी, आणि भाकरी थापायला मी.

गेल्या श्रावणात पारोळ्याला माझी आई अंथरुणाला खिळली. मी जायचं म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "वावरमा निंदनी चालू शे. मोबाईलवर दिसस ना माय." त्याच महिन्यात जाऊ मात्र माहेरी राहून आली. का, तर तिथल्या देवळात ओटी भरायला देवीनंच सांगितलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग घरात कानबाई देवी बसवली, त्या दिवशी डफ वाजू लागला तसे मीही केस सोडले आणि जीव खाऊन घुमले. सासऱ्यांनी हात जोडून विचारलं, "काय मांगस माय?"

"मनी माय बिमार शे. माले पारोळाले धाडा."

डफ थांबला. सासूबाई म्हणाल्या, "देवीले माय ऱ्हास का? हाई बाहेरनं शे." म्हणजे मला भूत लागलं होतं. नवऱ्यानं माझे हात मागे धरले, कोणीतरी निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या आणि माझं तोंड त्या धुरावर दाबलं. मी गुदमरत होते, तेवढ्यात जाऊ घुमू लागली. "इले सोडा. पारोळाले मनं नारय बाकी शे. दोन्ही सुना धाडा."

देवीचा नारळ राहिलाय म्हटल्यावर मला लगेच सोडलं.

एसटीत मी तिला विचारलं, देवी खरंच आली होती का. ती म्हणाली, "तुले मांगता येत नही, अक्का." तिचे उपकार मानायचे सोडून मी खिडकीबाहेर बघत बसले. माझं माहेरसुद्धा हिनंच मिळवून द्यावं, हे मला सहन होत नव्हतं.

हिच्या अंगात येतं ही बातमी आमच्याआधी तिथं पोचली होती. आई भिंतीला धरून उठली, माझ्या शेजारून पुढे गेली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "माले बरं कर, माय." जाऊ घाबरून माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं केस सोडले.

मी आलेय, हे आईला नंतर सांगावं लागलं.